गाडीचा तळ

अण्णा तांबट सकाळी उठले की देवाच्या आधी राखेकडे बघत. आदल्या दिवशी हातून उतरलेली घागर, हंडा, कळशी, जे काही असेल ते पाण्याने काठोकाठ भरून पडवीतल्या फळीवर ठेवलेलं असे आणि फळीवर चुलीतली चाळलेली राख पातळ पसरलेली असे. अण्णा गुडघे टेकून, एक गाल जवळजवळ जमिनीला लावून भांड्याच्या बुडाखाली बघत. राखेत काळा ओला ठिपका नसला की उठत, गुडघे झटकत आणि मगच चूळ भरायला जात. ठिपका असला तर दिवसभर कुणाशी बोलत नसत. मी समोर राहायला होतो त्या काळात असा न बोलण्याचा दिवस दोनदाच आला, आणि दोन्ही वेळेला तो उद्योग मांजराचा निघाला.

मी चौक गावच्या पोस्टात होतो. पोस्ट म्हणजे मुंबई-पुणे रस्त्याला लागून असलेल्या एका घराच्या पुढच्या दोन खोल्या, मागच्या खोलीत मी आणि माझी ट्रंक. अण्णांचं दुकान बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. तांब्यावर हातोडा पडायला लागला की माझ्या टेबलावरची दौत थरथरायची. त्याचं काही नव्हतं, पण तार यायला लागली की पंचाईत व्हायची. तारयंत्राचं कट्ट-कडकट्ट कुठलं आणि अण्णांचं कुठलं! एकदा मी चिडून रस्ता ओलांडून गेलो आणि सरकारी आवाजात म्हणालो, "अण्णा, तार येते तेव्हा तरी थांबत जा."

"कवा येती तार?"

"ती काय वेळ सांगून येते?"

अण्णांनी जरा विचार केला. मग गळ्यातलं लाल फडकं काढून माझ्या हातात दिलं. "ह्ये खिडकीत लावा. दिसलं की आमी थांबू."

मी ते थट्टेवारी नेलं, पण अण्णांनी शब्द पाळला. खिडकीत लाल फडकं फडकलं की हातोडा वरच्या वर थांबायचा. तार घेऊन झाली, फडकं काढलं, की पुढचा घाव. अशी आमची ओळख झाली. माझा स्वभाव लोकांत मिसळण्याचा नाही, पण संध्याकाळी पोस्ट बंद केलं की पाय आपोआप समोरच्या पडवीत जायचे.

अण्णा ठेंगणे, छातीने रुंद, आणि उजवा कान घणाच्या आवाजाने अर्धा गेलेला. बोलायचे कमी. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. एकच मुलगा, मुकुंद, लढाईच्या काळात मिलिटरीच्या मोटारखात्यात गेलेला. अण्णांचा एक हट्ट साऱ्या पंचक्रोशीत ठाऊक होता, तो म्हणजे भांड्याला ते भोक पाडत नसत. झारा करणार नाहीत, चाळण करणार नाहीत. लोधिवलीची एक म्हातारी कुरडया तळायला झारा मागायला आली तर म्हणाले, "भोकंच पाडायची तर उंदराला बोलीव." म्हातारी शिव्या घालत गेली. रिबीट मारून जोडलेलं भांडं दिसलं की त्यांना कसनुसं व्हायचं. "आदी भोक पाडायचं न् मंग ते बुजवायचं. ह्यो कुठला शानपना?" त्यांचे सगळे सांधे दाते पाडून एकमेकांत बसवलेले, वरून डाख, म्हणजे वितळवलेलं कथील, ओतलेला. नख फिरवलं तरी सांधा सापडत नसे.

शंकराच्या देवळात पिंडीवर टांगायचं अभिषेकपात्र मात्र करायलाच लागे, आणि त्याच्या बुडाला तर भोक हवंच. त्यावर अण्णांच्या घराण्याने तोडगा काढला होता. पात्र हे घडवायचे, राखेवर ठेवून पारखून घ्यायचे आणि अखंड पात्र गुरवाच्या हातात द्यायचे. भोक गुरवाने देवळात नेऊन पाडावं. "माझ्या बापानं पाडलं नाय, आज्यानं पाडलं नाय," अण्णा सांगत. गुरवाने वेडंवाकडं भोक पाडलं तरी चालेल, पण ते तांबटाच्या हातून पडता कामा नये.

लढाईत तांबं मिळेनासं झालं. बाजारात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी आली. हलकी, स्वस्त, पांढरी. अण्णा असलं एखादं पातेलं हातात घेऊन नखाने टिचकी मारत आणि म्हणत, "ह्येला आवाज नाय." त्यांच्याकडे काम उरलं ते जुन्या भांड्यांना डाख देण्याचं. हातोडा दिवसातून तासभर चालायचा. माझ्या तारा स्वच्छ ऐकू यायला लागल्या आणि मला ते आवडेना.

लढाई संपल्यावर मुकुंद आला. उंच, बापासारखाच मितभाषी, बरोबर एक हिरवी ट्रंक आणि त्यात पाने, पकडी, हातड्रिल. चार दिवस घरात बसला आणि पाचव्या दिवशी म्हणाला, मी मुंबईला जातो, मोटारीच्या कारखान्यात काम आहे. त्या संध्याकाळी अण्णांनी मला पडवीत बोलावलं. मुकुंद विहिरीवर गेला होता.

"मास्तर, तुमी शिकल्याले. मोटार घरी करता येती का वो?"

मला वाटलं, हे काय भलतंच. मी म्हटलं, "मुकुंदाला विचारा."

"इचारलं. म्हंतो, मिलिटरीच्या लिलावात सांगाडा मिळतो. विंजन मिळतं. वरचा पत्रा कोन करनार, म्हंतो." अण्णांनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. "मी म्हन्लं, मी हाय की. गाडी हितंच व्हऊ दे. मंजे पोरगं हितंच ऱ्हाईल."

इतकं साधं गणित होतं ते. मुकुंदाने बापाला सांगितलं होतं की अशी एक गाडी झाली आणि खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत घाट कुठेही न थांबता, पाणी न ओतता चढली, तर मुंबई-पुण्याचे शौकीन लोक गाड्या करून घ्यायला आपण होऊन चौकला येतील. मग मुंबईला जायचं कारणच उरणार नाही. अण्णांना ना मोटारीत रस होता, ना शौकिनांत. त्यांना घरात दुसरं ताट हवं होतं. त्यासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लोखंडाला हात लावला.

लिलावातला सांगाडा कर्जत स्टेशनपर्यंत मालगाडीच्या वाघिणीतून आला आणि तिथून दोन बैलगाड्या एकापाठोपाठ जुंपून चौकला. गाव लोटलं. चार चाकं, मधे इंजिन आणि बाकी सगळं उघडं. मुकुंदाला हलकी, बसकी, पळणारी गाडी करायची होती. छप्पर नाही, दारं नाहीत. इंजिन त्याने उकललं, पुसलं, पुन्हा बांधलं. अण्णांच्या वाट्याला पहिलं काम आलं ते पाय ठेवायच्या जागेचं. मुकुंद त्याला फ्लोर म्हणायचा, अण्णा तळ म्हणायचे.

तो तळ करताना मी अण्णांना बघितलं, तसा सुखी माणूस मी पुन्हा बघितलेला नाही. तेलाची दोन मोठी पिंपं उभी कापली, उलगडली, लाकडी मोगरीने ठोकून सपाट केली. माझ्याकडून जुन्या पार्सलांचा पुठ्ठा नेला आणि सांगाड्यावर ठेवून, कातरून, आधी पुठ्ठ्याचा तळ केला. मग पत्रा कापला. सपाट पत्रा पायाखाली टणटण बोंबलतो म्हणून त्यात लांब उभ्या पन्हळी उठवल्या. मधून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यासाठी उंचवटा, आणि चालवणाऱ्याच्या बैठकीखाली पेट्रोलची टाकी बसायची होती तिथे खळगा. हा खळगा त्यांनी हंड्याचं बूड खोलवतात तसा ओंडक्यातल्या खोबणीत ठोकून खोलवला. मधे मधे पत्रा भट्टीत लाल करायचा, गार व्हायला ठेवायचा, पुन्हा ठोकायचा. लोखंड तांब्यासारखं ऐकत नाही म्हणून ते पुटपुटायचे, पण ते कौतुकाचं पुटपुटणं होतं.

सांगाड्याला तळ बांधायला बोल्ट हवेत आणि बोल्टाला भोकं हवीत. मुकुंद हसत म्हणाला, "आता, अण्णा?" अण्णांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी तळाच्या चारही कडा परातीसारख्या वर वळवल्या आणि सांगितलं, "बोल्ट ह्या कडांतनं घाल. वरती काय बी कर. बुडाला हात लावू नको."

आषाढ-श्रावणात गाडी पडवीशेजारच्या छपराखाली उभी होती. छप्पर गळकं. आमच्याकडचा पाऊस आठ-आठ दिवस थांबत नाही. एके सकाळी अण्णा मला हाताला धरून घेऊन गेले. तळात घोटभर नव्हे, टाचा बुडतील इतकं पाणी साचलं होतं आणि त्यात एक बेडूक पोहत होता. गाडीखाली अण्णांनी राख पसरली होती. आम्ही दोघं वाकलो. राख कोरडी ठणठणीत.

"चार दिस झालं," अण्णा म्हणाले. "येक थेंब नाय."

मुकुंद मागे येऊन उभा राहिला होता. त्याला हसावं की रडावं कळेना. "अण्णा, ही काय घागर हाय का? पानी जायला नको? पत्रा गंजून जाईल. आनि टाकी बसती त्या खळग्यात तर भोक लागतंच. टाकी कधी गळली, तर पेट्रोल खाली पडून जायला पायजे. आत साठलं म्हंजे मेलो."

"टाकी गळंलच कशी?"

"हादऱ्यानं गळती. घाटात तर गळतीच."

मुकुंदाने ट्रंकेतून हातड्रिल काढलं, खळग्याच्या बरोबर मध्यावर लावलं आणि दांडा फिरवायला लागला. पोलाद पत्र्यात शिरल्याचा किंचाळल्यासारखा आवाज आला. अण्णा माजघरात निघून गेले. बेडकासकट पाणी फिरत फिरत खाली गेलं आणि राखेचा चिखल झाला. त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा अण्णा भट्टीपाशी नुसते बसून होते. मी म्हटलं, "अहो, तो मिलिटरीत शिकून आलाय, बरोबरच असेल." ते म्हणाले, "बरुबर आसंल. माझ्या हाताला बरुबर वाटत नाय." मी हसलो. मला त्यांच्या या वेडाची गंमतच वाटायची, आणि ती गंमत मी टपाल न्यायला येणाऱ्यांना सांगायचोही.

नवरात्रापर्यंत गाडी झाली. टाकी बसली, वर बैठक आली, पुढे लांबट तोंड. रंग नव्हताच, नुसता घासून चमकवलेला पत्रा. मुकुंदाने ठरवलं, खंडेनवमीला हत्यारांबरोबर गाडीची पूजा करायची आणि दसऱ्याला सकाळी घाट चढायचा.

अष्टमीच्या सकाळी मी पोस्ट उघडायच्या आधी दात घासत बाहेर उभा होतो. मुकुंद पेट्रोलच्या कुपनासाठी खालापूरला गेला होता. समोर गाडीखालून अण्णांचे दोन पाय बाहेर आलेले दिसले आणि नवसागराचा धूर. मी रस्ता ओलांडून गेलो, वाकून बघितलं. अण्णा पाठीवर पडून, खालच्या बाजूने त्या भोकावर तांब्याची चकती ठेवून डाख देत होते.

"अण्णा, हे काय?"

ते दचकले. मग सरपटत बाहेर आले, तोंड काजळीने भरलेलं. "पूजेला फुटकं भांडं ठिवत नाईत, मास्तर. उद्या हत्यारं मांडायची, त्याच्याबरोबर ही. फुटक्या बुडाला हळद-कुंकू कसं लावू? दसऱ्याला हत्यारं उठली का लगीच उघडून देतो. नुस्ता डाख हाय, टोच्या लावला का निगंल." आणि मग, "टाकीत पेट्रोल नाय आजून. मुकुंदाला नका सांगू. हसंल."

मी सांगितलं नाही. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंच नाही. उलट म्हाताऱ्याचा जीव बघून बरं वाटलं. मी पोस्टात जाऊन टेबल पुसलं आणि कामाला लागलो.

नवमीला हातोडे, मोगऱ्या, कात्र्या, डाख उकरायचा टोच्या, सगळं स्वच्छ घासून पाटावर मांडलं गेलं. पूजेत बसलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा तिथला नियम. गाडीला झेंडूची माळ. अण्णा हात जोडून बराच वेळ उभे होते. त्यांच्यासमोर एक अखंड भांडं होतं, आणि मला वाटतं, त्या दिवशी ते पुरते तृप्त होते.

दसऱ्याला सकाळी निम्मं गाव रस्त्यावर. मुकुंदाने टाकी भरली होती. अण्णा आत पूजेतली हत्यारं उठवायला गेले होते, अक्षता टाकून, नमस्कार करून, काही घाई न करता. तेवढ्यात बाहेर कुणीतरी मुकुंदाला डिवचलं, "नुसती माळ घालून बसवायची का पळवायची बी?" मुकुंद हसला, बैठकीवर चढला आणि इंजिनाने पहिल्याच झटक्याला आवाज धरला. लोकांनी आरोळी दिली. अण्णा टोच्या हातात घेऊन धावत बाहेर आले.

"थांब रं! मुकुंदा, थांब! येक काम ऱ्हायलंय!"

"आल्यावर करू, अण्णा!"

"आदी करायचं हाय! थांब रं जरा!"

लोक हसले. बाप घाबरला म्हणून हसले. मुकुंदानेही हसून हात केला आणि गाडी खालापूरच्या बाजूला सुटली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या सगळ्या गर्दीत ते काम कोणतं हे मला एकट्याला माहीत होतं. मी पुढे होऊन ओरडलो असतो, आडवा झालो असतो, तर मुकुंद थांबला असता. पोस्टमास्तर कधी ओरडत नाही, म्हणून तरी थांबला असता. मीही हसत होतो. अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "येईल तासाभरात. मग उघडा."

तो हात मला आजही जड वाटतो.

दुपारी घाट उतरून आलेल्या एका लॉरीवाल्याने बातमी आणली. खोपोली सोडून घाट लागल्यावर तिसऱ्या वळणावर गाडी पेटली. टाकीच्या नळीचा सांधा हादऱ्याने सुटला, पेट्रोल खळग्यात साठत गेलं, शेजारूनच बॅटरीची तार गेलेली. एक थेंब रस्त्यावर पडला नाही. मुकुंदाला कळलं तेव्हा त्याचे पाय आगीत होते. त्याने गाडी कठड्याला घातली आणि बाहेर उडी टाकली. दुसऱ्या एका लॉरीने त्याला मुंबईच्या दवाखान्यात नेलं होतं.

अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. टोच्या अजून हातातच होता. त्यांनी विचारलं, "खाली काय सांडलं हुतं का?" लॉरीवाल्याला प्रश्न कळला नाही. अण्णांनी पुन्हा विचारलं, "रस्त्यावर. खाली." तो म्हणाला, नाही, सगळं आतच जळलं. अण्णा उठले आणि आहेत त्या कपड्यांनिशी त्याच लॉरीत बसून मुंबईकडे गेले.

मुकुंद वाचला. संक्रांतीच्या सुमारास परत आला, दोन काठ्या घेऊन. उजव्या पायाची बोटं एकमेकांना चिकटून गेली होती, डाव्याच्या टाचेला मांस नव्हतं. जळका सांगाडा आधीच बैल लावून आणला होता, छपराखाली टाकला होता. मुकुंद पहिल्याच दिवशी त्याच्यापाशी जाऊन बसला, आतबाहेर बघितलं, आणि नंतर कधी तिकडे गेला नाही. लोक विचारायला येत, कसं झालं? तो दर वेळी एकच सांगे, "माजाच सांदा सैल ऱ्हायला. नळी मीच आवळली हुती." हे त्याने म्हटलं की शेजारी अण्णांचा हातोडा एक घाव चुकायचा. मला समोरून ऐकू यायचं.

मुंबईचं नाव त्याने काढलं नाही. बापाशेजारी दुसरी ऐरण मांडून तांबं ठोकायला बसला. तांबं पुन्हा मिळायला लागलं होतं. स्वातंत्र्य आलं तेव्हा गावाने झेंड्याच्या काठीला तांब्याचा कळस मागितला, तो मुकुंदाने केला आणि फार सुबक केला. म्हणजे अण्णांना हवं होतं ते सगळं मिळालं. मुलगा घरात होता, दोन ताटं होती, हातोडे दोन वाजत होते. फक्त ते एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण नव्हतं. मुकुंद विचारी, "डाख तापला का?" अण्णा म्हणत, "तापला." दिवसाचं बोलणं तेवढंच.

अण्णा कधी संध्याकाळी पोस्टात येऊन माझ्यासमोर बसायचे. एकदा म्हणाले, "सांगाया पायजे." मी मान हलवली. "सांगितलं तर जाईल," ते म्हणाले. मी तेव्हाही काही बोललो नाही. न सांगून चालणार नाही, हे मला कळत होतं. रोज आपल्या देखत आपला मुलगा आपली चूक स्वतःच्या नावावर घेतो आणि आपण शेजारी बसून घागर घडवतो, हे किती दिवस करणार? पण सांगा, असं म्हणायला माझं तोंड कुठे होतं? मी स्वतःच गप्प बसलेला माणूस.

अशी दोन वर्षं गेली. अण्णा भांडी राखेवर ठेवत, पण सकाळी वाकून बघेनासे झाले. मुकुंद बघायचा आणि म्हणायचा, "ठीक हाय."

मग दहिवलीहून एक गुरव अभिषेकपात्र सांगायला आला. अण्णांनी ते घडवलं, लहानसं, नारळाएवढं. गुरव न्यायला आला त्या दिवशी मी पडवीतच होतो. मुकुंद आपल्या ऐरणीवर काम करत होता. गुरव पात्र घ्यायला हात पुढे करून उभा राहिला, पण अण्णांनी ते दिलं नाही. ओंडक्यावर पालथं घातलं, टोच्या उचलला आणि बुडाच्या बरोबर मध्यावर ठेवला. मुकुंदाचा हातोडा थांबला. अण्णांनी एकच घाव घातला. पात्रात पाणी भरलं आणि हातात धरलं. थेंब पडायला लागले, एकामागून एक.

अण्णा मान वर न करता म्हणाले, "मुकुंदा, गाडीचं भोक मी बुजीवलं हुतं. पूजेसाटी. उघडायचं ऱ्हायलं."

गुरवाला काही कळलं नाही. मी खाली बघत राहिलो. पाण्याचे थेंब शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडत होते.

"म्हाईत हाय, अण्णा," मुकुंद म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "भोकाच्या काठाला तुमचा डाख हुता. जळून खाली वघळल्याला. आल्या दिवशीच बघितला."

"मंग बोलला नाईस?"

"तुमी सांगाल म्हून थांबलो. सांगितलंत आता." त्याने हातोडा ऐरणीवर ठेवला. "मी काय रागावल्यालो नाय. पन रोज तुमच्या हाताकडं बघवत नाय वो मला."

अण्णा नुसती मान हलवत राहिले. पात्र रिकामं झालं तरी ते तसंच हातात धरून होते. शेवटी गुरवानेच ते हळूच काढून घेतलं.

चौथ्या दिवशी मुकुंद मुंबईला गेला. बसून करता येईल असं काम त्याने एका कारखान्यात धरलं. त्याची हिरवी ट्रंक अण्णांनी स्वतः डोक्यावर घेऊन मोटारथांब्यापर्यंत आणली. सोबत पाण्यासाठी तांब्याही दिला. गाडी सुटताना मुकुंद वाकून बापाच्या पाया पडायला गेला, पण त्याला त्या पायांवर नीट वाकता येईना. अण्णांनीच त्याला धरलं. पत्र पाठव, एवढंच म्हणाले. पत्रं येत असत, दर महिन्याला एक, ख्यालीखुशालीचं. ती मीच रस्ता ओलांडून देत असे.

पुढच्या मार्गशीर्षात माझी बदली झाली. लाल फडकं मी खिडकीतून काढून घडी करून अण्णांना परत करायला नेलं. तसं ते लावायची गरज केव्हाच संपली होती, समोरून दिवस-दिवस आवाज येत नसे. सकाळची वेळ. पडवीत कुणी नव्हतं. अण्णा मागे चिंचेखाली होते. जळक्या सांगाड्यातून त्यांनी तो तळ एकटा सोडवून घेतला होता, घासला होता, पोचा आलेला भाग ठोकून सरळ केला होता आणि चार दगडांवर मांडून खाली राख पसरली होती. भोक उघडंच होतं. त्याची कड कानशीने गुळगुळीत केलेली दिसत होती.

मी हाक मारली. उजव्या कानाची बाजू माझ्याकडे होती, त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी घागर तिरकी केली. पाणी पन्हळींतून वाहत खळग्यात गेलं आणि तिथून खाली. अण्णांनी गुडघे टेकले, गाल जमिनीला लावला आणि तळाखाली बघितलं. राख काळी झाली होती. त्यांनी त्यात बोट बुडवून, ओलं लागतंय ना, याची खात्री केली.

रस्त्यावर माझी बस हॉर्न वाजवत होती. मी फडकं पडवीतल्या ऐरणीवर ठेवलं आणि निघालो. वळून बघितलं तेव्हा अण्णा रिकामी घागर घेऊन विहिरीकडे चालले होते, पुन्हा भरून आणायला.